ठाणे खाडी ते खारघर: पक्षीगणनेत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

पक्षी बघायला काहीच लागत नाही. पक्षी नोंदवायला थोडी शिस्त लागते, आणि ती शिकवणारे कुणी भेटेपर्यंत बऱ्याच नवख्यांचे पहिले वर्ष फुकट जाते. नोंदी ढीगभर होतात, पण त्यांतून अभ्यासकाला काही काढता येत नाही. ‘एरोलीला खूप फ्लेमिंगो दिसले’ या वाक्याचा उपयोग शून्य. ‘सकाळी ७.४० ते ८.२५, एकाच जागी उभे राहून, चढती भरती, लहान रोहित (लहान फ्लेमिंगो) ३५०, शेकाट्या ४२, कावळे १८’ ही नोंद मात्र वीस वर्षांनीही कामाची.

अशाच नोंदींवर ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल उभा राहतो. २०२३ च्या अहवालात सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवरून ९४२ जातींची स्थिती तपासली गेली आणि १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवे असे ठरले. हे निरीक्षक बहुतेक सगळे हौशी. पाणथळ जागा रामसर दर्जाची, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, आहे का, हे ठरवण्याच्या निकषांतही पाणपक्ष्यांची संख्या येते: तिथे नियमितपणे २० हजार पाणपक्षी असतात का, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी १ टक्का तरी तिथे असतात का. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये ती रामसर स्थळ झाली. असे आकडे कुणीतरी चिखलाच्या कडेला उभे राहून मोजावेच लागतात.

१. हाताशी काय हवे

• दुर्बीण: ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठे दिसते त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुकानदार १०×५० गळ्यात मारायला बघतो. ती जड असते आणि दहा पटीत हाताचा कंपही दहा पट दिसतो. पाच ते दहा हजारांत कामापुरती मिळते. पहिले दोन महिने कुणाची तरी मागून वापरा, मग ठरवा.
• खिशात मावणारी वही आणि पेन्सिल. पावसात पेनाची शाई पसरते, पेन्सिल टिकते.
• मोबाइल, पूर्ण चार्ज केलेला. जीपीएस चालू ठेवून दोन तास फिरलात की बॅटरी निम्म्यावर येते.
• मोजणी-क्लिकर. स्टेशनरीच्या दुकानात स्वस्तात मिळतो. थवा मोजताना नजर हलवावी लागत नाही, हा त्याचा खरा फायदा.
• टोपी, मळखाऊ रंगाचे कपडे, पाणी, डासांचे मलम. तिवरांच्या कडेला संध्याकाळी मलमाशिवाय दहा मिनिटेही उभे राहवत नाही.
• ओळखपत्राची झेरॉक्स. वनखात्याच्या नाक्यावर आणि गृहसंकुलांच्या सुरक्षारक्षकांसमोर हिचा उपयोग होतो.
• शाळा-कॉलेजच्या गटासाठी संस्थेचे पत्र, सहभागींची यादी आणि लहान मुलांच्या पालकांची लेखी संमती. संकुलाच्या आवारात गणना करायची असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी दोन ओळींचे पत्र द्या; सकाळी सहाला दुर्बीण घेऊन फिरणारा माणूस खिडक्यांत डोकावतोय असा संशय येणे स्वाभाविक आहे.

स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) पहिल्या वर्षी नको. खाडीवर तो उपयोगी पडतो हे खरे, पण एका गटाला एक पुरतो, आणि दहा वाजल्यानंतर चिखलावरच्या गरम हवेची थरथर इतकी वाढते की ६० पट मोठे करूनही समोरचा बारीक किनारपक्षी टिलवा की चिखल्या ते सांगता येत नाही.

२. खाते आणि ॲप

पक्ष्यांच्या नोंदी करण्याचे ईबर्ड हे ॲप फुकट आहे. ते अमेरिकेतल्या कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजीचे. भारतातले काम ‘बर्ड काउंट इंडिया’ हा गट पाहतो. ईमेल देऊन खाते उघडा. खरे नाव वापरा, कारण शंका आल्यास तपासनीस तुम्हालाच लिहितात. मग आपल्या भागाची पक्षी-यादी मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, म्हणजे येऊरच्या आत किंवा कर्नाळ्यात रेंज गेली तरी नोंद थांबत नाही. यादी फोनमध्ये साठते, घरी येऊन पाठवता येते.

नोंद करताना इंग्रजी किंवा शास्त्रीय नावाची सवय लावून घ्या. मराठी नावे गोड आहेत, पण एकाच पक्ष्याला रत्नागिरीत एक नाव, नागपुरात दुसरे. गप्पांत वंचक म्हणा, यादीत मात्र ‘इंडियन पाँड हेरॉन’.

३. आपली एक जागा ठरवा

नवखे लोक दर रविवारी नवी जागा शोधतात. हौस म्हणून ठीक. पण पक्षी वाढले की घटले हे कळते ते त्याच जागेवर पुन्हा पुन्हा जाऊन. घरापासून चालत दहा मिनिटांवरची जागा निवडा आणि आठवड्यातून एकदा, जमेल तितके त्याच वेळी, अर्धा तास द्या. मासुंदा, कचराळी किंवा उपवन तलावाची फेरी पुरेशी आहे. तिथे वारकरी, वंचक, लहान पाणकावळा, खंड्या आणि कडेच्या झाडांवर तांबट असे रोजचे गडी भेटतात. ओळख पक्की होते ती यांच्यावरच.

पुढे हात बसला की जागा वाढवा. एरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र खाडीसाठी सोपे. तिथून बोटही सुटते, पण भरतीच्या वेळेप्रमाणे, म्हणून आधी नोंदणी करून जा. नेरुळ-सीवूड्सकडे डीपीएस तलाव, टी. एस. चाणक्य आणि एनआरआय संकुलालगतची पाणथळ जागा. रानपाखरांसाठी येऊर, पारसिक आणि खारघरचे डोंगर. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते, त्यामुळे वेळ आणि प्रवेश नाक्यावर विचारूनच. उरणकडे पाणजेला जाणार असाल तर नौदलाच्या हद्दीजवळ लांब लेन्स बाहेर काढू नका; चौकशीत सकाळ जाते.

एक साधी गोष्ट कुणी सांगत नाही. एरोली-वाशीच्या काठावरून खाडी पश्चिमेला दिसते, म्हणून सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि रंग स्पष्ट दिसतात. ठाण्याच्या बाजूच्या काठावरून पूर्वेला बघावे लागते. तिथे सकाळी सगळे पक्षी काळ्या आकृत्या होतात. त्या काठाला दुपारनंतर जा.

४. भरती-ओहोटी पाहिल्याशिवाय खाडीवर जाऊ नका

खाडीवरच्या निम्म्या नोंदी इथेच बिघडतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी मैलभर पसरून खातात. काठावरून गुलाबी रेघ दिसते, मोजता काही येत नाही. भरती चढू लागली की चिखल आक्रसतो, पक्षी काठाकडे सरकतात. पूर्ण भरतीला बरेच फ्लेमिंगो आणि किनारपक्षी आतल्या पाणथळींवर, म्हणजे डीपीएस तलावासारख्या जागी, येऊन दाटीने उभे राहतात. मोजणी सर्वांत विश्वासार्ह होते ती तेव्हा. खाडीकाठावरून मोजायचे असेल तर पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास धरा. आतल्या तळ्यावर मोजायचे असेल तर पूर्ण भरतीच्या आगेमागे तास-दीड तास.

वेळ भरतीच्या तक्त्यात पाहा. तक्ता जवळ नसेल तर खाडीकाठची जुनी रीत वापरा: तिथीची पाऊणपट. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच, आणि दिवसातून दोनदा भरती असल्याने पहाटेचे सहा तसे संध्याकाळचेही सहा. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, शिवाय मुंबई बंदराचा तक्ता पाहिलात तर खाडीच्या आतल्या टोकाला पाणी थोडे उशिरा पोचते हे लक्षात ठेवा. यावरून एक सोयीचा निष्कर्ष निघतो: सकाळच्या गणनेसाठी एकादशी ते त्रयोदशीचे दिवस उत्तम, कारण पूर्ण भरती सव्वाआठ ते पावणेदहाच्या आसपास येते. अमावास्या-पौर्णिमेला पहाटे ओहोटी असते. सहाला पोचलेला माणूस रिकाम्या चिखलाकडे बघत बसतो आणि पक्षी जवळ येऊ लागतात तेव्हा घरी निघतो. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असते, पाणी कमी चढते आणि पक्षी आतल्या तळ्यांवर यायचा कंटाळा करतात. त्या दिवशीचा कमी आकडा पाहून ‘फ्लेमिंगो गेले’ अशी बातमी पसरवू नका.

यादीच्या शेऱ्यात भरतीची अवस्था लिहा: चढती, पूर्ण, उतरती, सुकी. तीन अक्षरांचे काम, पण त्याविना आकडा अर्धा आंधळा. तळ्यावर असाल तर पाण्याची पातळीही लिहा. डीपीएससारख्या तळ्यात खाडीचे पाणी आत येण्याची वाट बुजली की तळे सुकते आणि पक्षी येणे थांबते. हा बदल आठवड्या-आठवड्याच्या शेऱ्यांतूनच आधी दिसतो.

५. पहिली यादी

अ. जागेवर पोचल्यावरच यादी सुरू करा. घरातून निघताना सुरू केली तर रिक्षातला प्रवासही अंतरात धरला जातो. हा फार नेहमीचा घोळ आहे.

आ. किमान १५ मिनिटे द्या, एका यादीला शक्यतो तासाहून जास्त नको. तासानंतर नवी यादी सुरू करा. चार तासांची एकच यादी केली की कोणता पक्षी तळ्यावर होता आणि कोणता डोंगरावर, ते कायमचे हरवते.

इ. प्रकार निवडा. एका जागी, फार तर ३० मीटरच्या आत राहिलात तर ‘स्टेशनरी’. चालत गेलात तर ‘ट्रॅव्हलिंग’, आणि अंतर एकदाच मोजा: त्याच वाटेने परत आलात तर परतीचे अंतर धरायचे नाही. पक्षी बघणे हा हेतूच नव्हता, लोकलच्या खिडकीतून काहीतरी दिसले, तर ‘इन्सिडेंटल’.

ई. शेवटी ॲप विचारते, ओळखता आलेले सगळे पक्षी यादीत आहेत का? उत्तर ‘हो’ देता आले पाहिजे. कावळा, कबुतर, साळुंकी, घार, चिमणी, सगळे. पन्नास जणांनी कबुतरे गाळली तर अभ्यासकाला ती तिथे नव्हतीच असे दिसेल. संपूर्ण यादीत जो पक्षी नाही तो ‘दिसला नाही’ म्हणून मोजला जातो. आणि चिमणी कुठे कुठे दिसली नाही, हे कळणेही तितकेच मोलाचे. आमच्या मते नवख्याने सहा महिने दुर्मीळ पक्ष्यांचे नाव काढू नये आणि कावळे मन लावून मोजावेत. गावकावळ्याची मान राखी असते, डोमकावळा पूर्ण काळा आणि जाड चोचीचा. इथूनच सुरुवात करा.

उ. आकडा द्या. ॲपमध्ये आकड्याऐवजी एक्स लिहिता येतो, त्याचा अर्थ ‘होता, मोजला नाही’. अंदाजे ६० हा आकडा एक्सपेक्षा कैकपटींनी चांगला.

ऊ. चार जण एकत्र गेलात तर यादी एकानेच करायची आणि बाकीच्यांना ‘शेअर’ करायची. चौघांनी वेगवेगळ्या याद्या पाठवल्या की तळ्यावरची २० बदके ८० होतात.

६. थवा कसा मोजायचा

आधी दहा पक्षी एकेक करून मोजा. तेवढ्या दहांनी नजरेत किती जागा व्यापली ते डोळ्यांत बसवा आणि त्या मापाने थव्यावरून पुढे सरका, दर मापाला क्लिकर एकदा. थवा हजाराच्या पुढे असेल तर पन्नास किंवा शंभरचे माप घ्या, पण ते माप बसवण्यासाठी पहिले शंभर खरेच मोजा. थव्याच्या कडा विरळ आणि मध्य दाट असतो. माप विरळ कडेवर बसवले तर एकूण आकडा कमी येतो, दाट मध्यावर बसवले तर फुगतो. दोन्हीकडे वेगवेगळे माप घ्या.

दोघांनी एकमेकांना न सांगता मोजावे. फरक पाचव्या हिश्श्याहून जास्त आला तर पुन्हा. उडत्या रांगेसाठी विजेचा खांब किंवा पुलाचा कठडा धरा आणि तो ओलांडणारेच मोजा. वेळ नसेल तर एकाच जागेवरून एकमेकांवर थोडे चढणारे फोटो काढा आणि घरी संगणकावर प्रत्येक पक्ष्यावर ठिपका देत मोजा. कंटाळवाणे आहे, पण आपला अंदाज नेहमी किती चुकतो ते यातूनच कळते. बहुतेकांचा मोठ्या थव्याचा अंदाज कमी येतो.

दोन जागांची बेरीज करताना सावध राहा. आठला खाडीवर मोजलेले रोहित दहाला डीपीएस तलावावर येऊन उभे असू शकतात. बेरीज हवी असेल तर दोन गटांनी एकाच वेळी, पूर्ण भरतीला मोजावे.

पायात कडी किंवा रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला तर कोणत्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, रंगांचा वरून खाली क्रम आणि अक्षरे, एवढे लिहून फोटोसह बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा. ‘पिवळी पट्टी होती बहुतेक’ याने काही शोधता येत नाही.

७. ओळखीतले सापळे

लहान रोहिताची चोच गडद, जवळजवळ काळसर लाल. मोठ्या रोहिताची गुलाबी आणि फक्त टोक काळे. पिल्ले दोन्हींची राखाडी-तपकिरी. लांबून कळत नसेल तर ॲपमध्ये दोन्ही नावे एकत्र असलेला पर्याय आहे, तो वापरा. तसाच बारीक किनारपक्ष्यांसाठी आणि कुरवांसाठीही आहे. न ओळखलेल्याला न ओळखलेला म्हणणे ही कमतरता नाही. टिलवा ‘असावा’ म्हणून लिहिलेली नोंद मात्र नंतर उपटून काढणे कठीण जाते.

पांढरे बगळे सगळ्यांनाच फसवतात. काळी चोच आणि पिवळी पावले म्हणजे लहान बगळा, हे पाठ असते; पण खाडीत समुद्री बगळाही असतो, आणि त्याचा एक प्रकार पांढराच. त्याची चोच जास्त जाड आणि फिकट तपकिरी-पिवळसर. चोचीचा फोटो घ्या.

मर्लिन ॲप आवाज ऐकून नाव सुचवते. सुचवते, एवढेच. दयाळ आणि कोतवाल दोघेही दुसऱ्यांच्या नकला करतात, रस्त्यावरचा हॉर्नही मधे येतो. त्याने सुचवलेला पक्षी स्वतः पाहिला किंवा कानाने पटवला तरच यादीत घ्या.

नोंद ‘दुर्मीळ’ म्हणून अडली किंवा तपासनिसाचा ईमेल आला तर रागावू नका. त्या भागात त्या महिन्यात ती जात किंवा तेवढा आकडा अपेक्षित नसेल तर ॲप आपोआप थांबवते. काय दिसले ते लिहा: आकार, चोच, पाय, वागणूक, अंतर. ‘पुस्तकात बघून खात्री केली’ हे वर्णन होत नाही.

८. वर्षभराच्या ठरलेल्या गणना

जानेवारी: आशियाई पाणपक्षी गणना. १९८७ पासून चालते आणि खाडीसाठी सर्वांत महत्त्वाची. पक्ष्यांच्या आकड्यांबरोबर जागेचा वेगळा फॉर्म असतो: पाणी किती, मासेमारी, भराव, कचरा. तो कोरा सोडू नका.

फेब्रुवारी: ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, शुक्रवार ते सोमवार. भारत २०१३ पासून यात आहे. गॅलरीतून १५ मिनिटे मोजले तरी चालते; कॉलेजांसाठी याच दिवसांत कॅम्पस बर्ड काउंट. सुरुवात करायला याहून सोपा मुहूर्त नाही.

मे आणि ऑक्टोबर: जगभर एकाच दिवशी होणारे ‘बिग डे’.

५ ते १२ नोव्हेंबर: महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला. वनखाते आणि संस्थांच्या फेऱ्या याच आठवड्यात असतात, जाणकारांची गाठ पडते.

९. काय करायचे नाही, काय सांगायचे नाही

पावसाळ्यात कर्नाळ्याकडे तिबोटी खंड्याच्या घरट्यासमोर कॅमेऱ्यांची रांग लागते. समोर माणसे असली की पालक पक्षी चोचीत भक्ष्य धरून लांब फांदीवर थांबतो आणि पिल्ले उपाशी राहतात. घरटे दिसले तर नोंद करा आणि निघा. फांद्या छाटून ‘फ्रेम मोकळी’ करणे, आवाज वाजवून पक्षी बोलावणे, थवा उडवण्यासाठी खडा टाकणे किंवा ड्रोन सोडणे, काहीही नको. अंडी-घरट्यांना धक्का लावणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

काही मोजक्या संवेदनशील जातींची ठिकाणे ईबर्ड स्वतः झाकते. बाकीची जबाबदारी तुमची. घुबडाच्या ढोलीचे लोकेशन व्हॉट्सॲप गटावर टाकले की आठवडाभरात तिथे गर्दी होते. अशी यादी महिन्या-दोन महिन्यांनी पाठवली तरी तिचे मोल तेच राहते.

१०. जखमी पक्षी आणि बुजणारी तळी

मांज्यात अडकलेला किंवा काचेवर आपटलेला पक्षी हवेची छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी घालू नका. ते श्वासनलिकेत जाते. दोरा पंखात रुतला असेल तर ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापा आणि रुतलेला तुकडा डॉक्टरांवर सोडा. वनखात्याचा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक १९२६.

तिवरे तोडताना किंवा पाणथळीत डेब्रिज टाकताना दिसले तर तिथल्या माणसांशी हुज्जत घालू नका. त्याच जागेचे, त्याच कोनातून, तारीख-वेळ आणि जीपीएस दिसणारे फोटो काढा आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे व महापालिकेकडे लेखी तक्रार द्या. पोच घ्यायला विसरू नका. तक्रारीला त्या जागेच्या ईबर्ड याद्यांचे दुवे जोडा, शक्य तर मागच्या दोन-तीन हिवाळ्यांचे, पाण्याच्या पातळीच्या शेऱ्यांसकट. ‘इथे कधी पक्षी नव्हतेच’ हे उत्तर ठरलेले असते. त्यावर तारीखवार यादी पुढे करता येते.